महिन्याभराचं एक मिनिट

स्क्रिप्टमध्ये एक आकडा भरायचा होता आणि तिथेच मी अडकलो. आकडा साधाच होता: दोन फोटोंमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा?

जानेवारीतली गोष्ट. माझी धाकटी बहीण मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्टुडंट फिल्मसाठी तिने विषय घेतला होता सरस्वतीबाई फाळके. दहा मिनिटांची फिल्म. पण त्यांच्या कॉलेजचा नियम असा की आधी टेस्ट शूट दाखवायचं, ते पसंत पडलं तरच कॅमेरा आणि लाइट तीन दिवसांसाठी मिळणार. तिला टेस्टमध्ये एकच शॉट दाखवायचा होता. वाटाण्याचा दाणा कुंडीत पडतो, कोंब येतो, पानं येतात, वेल वर चढते. सगळं मिळून एक मिनिट. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी केला होता तोच प्रयोग. "दादा, तुला कोडिंग येतं ना? मग एवढं तू कर," असं म्हणून तिने जबाबदारी माझ्यावर ढकलली आणि ती हॉस्टेलला निघून गेली.

मी त्या महिन्यात नाशिकला घरूनच काम करत होतो. एक जुना फोन होता, स्क्रीन तडकलेली पण कॅमेरा शाबूत. तो ट्रायपॉडला बांधायचा, ठरावीक वेळाने फोटो काढणारी स्क्रिप्ट लिहायची, शेवटी सगळे फोटो जोडायचे. अर्ध्या तासाचं काम, असं मी तिला सांगितलं. (आमच्या धंद्यात अर्ध्या तासाचं काम म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.)

फाळक्यांची गोष्ट मी नाशिककर असल्यामुळे आपोआप माहीत आहे असं समजत आलो होतो. त्र्यंबकेश्वरला जन्म, १८७०. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक. शाळेची सहल तिथे गेली होती, त्यातलं मला फक्त कारंजं आठवतं. वाटाण्याची गोष्ट मात्र 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मुळे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पैसे लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून फाळक्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना चित्रित केलं, ती छोटी फिल्म लोकांना दाखवली आणि कर्ज मिळवलं. 'अंकुराची वाढ' हे तिचं नाव. जिथे वाचाल तिथे एक वाक्य सापडतं: रोज एक फ्रेम, असं महिनाभराहून जास्त, आणि त्यातून तयार झाली मिनिटभराची फिल्म.

आता हे वाक्य स्क्रिप्टमध्ये बसवून बघा. मूक चित्रपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम्स चालायच्या. एका मिनिटाला ९६० लागतात. रोज एक फ्रेम काढली तर पस्तीस दिवसांत ३५ फ्रेम्स होतील, म्हणजे पडद्यावर दोन सेकंद आणि थोडं. कोंब दिसायच्या आत फिल्म संपली. उलटीकडून बघितलं तर मिनिटभराची फिल्म महिन्यात हवी असेल तर रोज ३२ फ्रेम्स हव्यात. दिवसाचा बारा तास उजेड धरला तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक.

मी हा हिशोब तीनदा केला, कारण इतक्या ठिकाणी छापलेली गोष्ट माझ्या एका गुणाकाराने पडेल यावर माझा विश्वास बसेना. पण गुणाकार तोच राहिला. 'रोज एक' आणि 'एक मिनिट' या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असायला एकच वाट उरते: एकाच वेळी पुष्कळ फ्रेम्स काढायच्या. हाताने फिरवायच्या त्या काळच्या कॅमेऱ्यांत सर्वसाधारणपणे हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम्स सरकायच्या, म्हणजे अर्धा सेकंद. रोज सकाळी चार फेरे मारले की ३२ फ्रेम्स होतात. पण मग पडद्यावर रोप दोन सेकंद गप्प उभं राहील, टुणकन उडी मारून मोठं होईल, पुन्हा दोन सेकंद गप्प. जिना चढल्यासारखं. कर्ज देणाऱ्याला थक्क करायचं असेल तर वाढ सलग दिसायला हवी, आणि सलग हवी तर कोणीतरी दिवसभर, महिनाभर त्या कुंडीपाशी येत-जात राहायला हवं.

माझ्यासाठी ते काम फोन करणार होता. फाळक्यांच्या दादरच्या घरात ते कोण करत होतं?

थोडं मागे जाऊ. हा माणूस वाटाण्यापर्यंत पोचला तेव्हा चाळिशी ओलांडून गेला होता. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, मग छपाईचा धंदा, छपाई शिकायला जर्मनी, भागीदारांशी बिनसलं. नंतर मुंबईत 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसायला लागले. हे त्यांनी स्वतःच पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलं आहे. मग रोज तासन् तास सिनेमे बघणं, झोप नाही, आणि डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. बरे झाल्यावर विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनची बोट पकडली. तिथे 'बायोस्कोप'चे संपादक कॅबोर्न यांना जाऊन भेटले, त्यांनी वॉल्टनच्या सेसिल हेपवर्थकडे नेलं. स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवलं आणि एप्रिलमध्ये परत आले.

एक सांगायला हवं. रोप वाढताना दाखवण्याची करामत जगाला नवी नव्हती. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांची 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' १९१० मध्येच आली होती. फाळक्यांचं मोठेपण करामतीत नाही असं मला वाटतं. त्यांनी चाचणीसाठी काय निवडलं ते बघा. नट नको, कपडे नकोत, सेट नको. उन्हाचा खर्च शून्य. वाटाण्याचा दाणा स्वयंपाकघरातला. बजेट नसलेल्या माणसाने याहून चांगली टेस्ट सुचवून दाखवावी.

पण वाटाणा ही त्यांची पहिली टेस्ट नव्हे. मे महिन्यात यंत्रं आली, ती सोबतच्या आकृत्या बघून त्यांनी जोडली, आणि कॅमेरा-प्रोजेक्टर नीट चालतात का ते बघायला आजूबाजूच्या मुलामुलींचं चित्रण केलं. या मुलांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'च्या कितीतरी आधी ही पोरं पडद्यावर हलली होती, बहुधा दात काढत.

जगभर हे असंच घडलेलं दिसतं. कॅमेरा नवा असतो तेव्हा समोर उभं राहायला घरचीच माणसं सापडतात. १८८८ च्या ऑक्टोबरात लुई ले प्रिन्सने इंग्लंडमधल्या लीड्सला आपलं यंत्र तपासून पाहिलं ते सासऱ्यांच्या बागेत. दोन-तीन सेकंदांची ती फिल्म आजही आहे. मुलगा, सासरे, सासूबाई आणि एक ओळखीची बाई बागेत गोल फिरतात. सासूबाई, सारा व्हिटली, पाठमोऱ्या मागे मागे चालतात. चित्रणानंतर दहा दिवसांनी त्या वारल्या. जावयाला यंत्र चालतं की नाही एवढंच बघायचं होतं.

फाळक्यांच्याच 'कालिया मर्दन'ची (१९१९) सुरुवात आठवा, नसेल पाहिली तर जरूर शोधा. कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी आधी नुसतीच कॅमेऱ्यासमोर बसून चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. गोष्ट अजून सुरू झालेली नाही. सात वर्षांच्या मुलीची ही स्क्रीन टेस्टच आहे, बापाने ती कापून टाकली नाही, सिनेमाच्या डोक्यावर ठेवली.

तर माझी टेस्ट. मी दर वीस मिनिटांनी एक फोटो ठरवला, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. दिवसाला ३४. तीस दिवसांत १०२०. सेकंदाला १६ च्या वेगाने ६४ सेकंद. मिनिटाहून किंचित जास्त, गोष्टीत सांगतात तेवढंच. मी खूश. बाबा म्हणाले, "वाटाण्याचे फोटो काढायला इंजिनिअर केला का तुला?"

पहिल्या दोन दिवसांचे फोटो जोडून पाहिले तर सगळं लुकलुकत होतं. फोन प्रत्येक फोटोला स्वतःच्या अकलेने उजेड कमी-जास्त करत होता. ते बंद केलं. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर एकही फोटो नव्हता, कारण फोनने बॅटरी वाचवायला माझी स्क्रिप्टच मारून टाकली होती. दिवसा पगार घेऊन मी लोकांना असल्याच गोष्टी टाळायला शिकवतो. तेही सुधारलं. नवव्या दिवशी पुन्हा जोडून पाहिलं, आणि कोंब वेड्यासारखा नाचत होता. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

आई रोज कुंडी फिरवत होती.

मी ओरडलो. "कोणी सांगितलं होतं हात लावायला? नऊ दिवस गेले माझे!" ती ओट्यापाशी होती, मागे वळलीही नाही. म्हणाली, "सगळं खिडकीकडे झुकत होतं. मोडलं असतं. आणि पाणी कोण घालत होतं रे नऊ दिवस? तुझा फोन?"

खरं सांगायचं तर कुंडीला पाणी लागतं हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. फोटोंचा बॅकअप रोज रात्री आपोआप होत होता. पाणी मी धरलंच नव्हतं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. तिला वाटलं होतं मी गंमत म्हणून सांगतोय, मग माझा आवाज ऐकून ती गप्प झाली. नंतर म्हणाली, "दादा, तुझ्या कॉलेजच्या फिल्ममध्ये आईचं नाव होतं का रे?"

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही एक शॉर्ट फिल्म केली होती. आमच्या गच्चीवर दोन दिवस शूट, अकरा जणांची टीम. दोन दिवस दोन्ही वेळचं जेवण आईने केलं. दुसऱ्या दिवशी उन्हात थर्माकोलचा शीट धरून हिरोच्या तोंडावर उजेड पाडायला एक मुलगा कमी पडला तेव्हा तीच उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन, दीडेक तास. ती फिल्म कुठल्याही स्पर्धेत निवडली गेली नाही, ती गोष्ट वेगळी. श्रेयनामावली मी टाइप केली होती. त्यात चौदा नावं आहेत. ज्याने फक्त बाइक दिली त्याचंही आहे. आईचं नाही.

मी म्हटलं, "नव्हतं." ती म्हणाली, "मग माझी फिल्म कशावर आहे ते कळलं का?"

सरस्वतीबाईंची गोष्ट आता सगळे सांगतात, पण बहुतेकदा 'पत्नीची साथ' या दोन शब्दांत गुंडाळून. साथ म्हणजे नक्की काय, हे मला फिल्मच्या भोकांवरून समजलं. तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकांची मिळायची. कडेला भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकणार नाही. हे काम अंधारात, फार तर लाल दिव्यात करायचं, कारण ती फिल्म लाल उजेडाला जुमानत नसे, बाकी उजेडाने काळी पडे. घरातलं सगळं आवरल्यावर रात्री सरस्वतीबाई हे करत. फिल्म धुण्याचं रसायनाचं कामही त्या शिकल्या.

आता पुन्हा हिशोब. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम्स, प्रत्येक फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार मिळून आठ भोकं. वाटाण्याचं ते एक मिनिट म्हणजे ६० फूट आणि ७,६८० भोकं. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा. म्हणजे ५९,२०० फ्रेम्स आणि ४,७३,६०० भोकं. निगेटिव्हला वेगळी, पडद्यावर दाखवायच्या प्रिंटला पुन्हा तेवढीच. वाया गेलेली फिल्म धरलीच नाही, तरी साडेनऊ लाखांच्या घरात. भोकं यंत्र पाडतं हे खरं, पण यंत्राला फिल्म भरवणारे हात लागतात आणि ते अंधारात चाचपडत काम करणारे लागतात. दिवसा याच बाई युनिटचा स्वयंपाक करत आणि शूटिंगच्या वेळी उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. थर्माकोल तेव्हा नव्हता एवढाच काय तो फरक.

आणि दागिने. वाटाण्याची फिल्म बघून यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले, इथे गोष्ट साधारणपणे टाळ्या घेऊन थांबते. पण फिल्मने फक्त सावकाराचा विश्वास कमावला. तारणाला सोनंच लागलं, आणि ते सरस्वतीबाईंच्या अंगावरचं होतं. टेस्ट पास झाली तिचं बिल त्यांनी भरलं, असं मी म्हणेन. कोणाला हे रोखठोक वाटेल. पण फाळक्यांचं काही कमी होतं असं मला वाटत नाही. पंधरा वर्षांच्या आत इतके धंदे बदललेल्या नवऱ्याने जेवणातला वाटाणा महिनाभर जपायला सांगितला आणि घराने तो जपला, यात त्या माणसाबद्दलही काहीतरी आहेच.

दुसऱ्या खेपेची कुंडी आईने लावली. एक नाही, तीन दाणे टाकले, "एखादा दगा देतो" म्हणून. झुकण्यावर मी तोडगा शोधत होतो, कुंडी फिरवायची पण फोटो जुळवून घेणारं सॉफ्टवेअर वगैरे. तोवर तिने कपडे वाळत घालायचा स्टँड कुंडीच्या दुसऱ्या अंगाला आणला आणि त्यावर पांढरी चादर टाकली. खिडकीचा उजेड चादरीवर आपटून मागच्या बाजूनेही रोपावर यायला लागला. झुकणं पूर्ण थांबलं नाही, पण चांगलं कमी झालं. तेव्हा मी फाळक्यांच्या शूटिंगमधल्या चादरींबद्दल वाचलेलं होतं, तिने नव्हतं. मी काही बोललो नाही. पुढे वेलीला आधार हवा म्हणून तिने खराट्याची काडी खोचली. तीही फिल्ममध्ये अचानक उगवते.

नाशिकचा जानेवारी वाटाण्याला मानवतो. फाळक्यांची यंत्रंच मे महिन्यात आली होती, म्हणजे त्यांचं रोप मुंबईच्या उकाड्यात नाहीतर पावसाळ्याच्या ढगाळ उजेडात वाढलं असणार. लुकलुक त्यांनाही छळली असेल, आणि त्यांच्याकडे दोन दिवसांनी जोडून बघायची सोय नव्हती. फिल्म धुवेपर्यंत सगळं उधारीवर.

तीस दिवस झाले. १०२० फोटो. मी ते एकेक तपासायला बसलो आणि चार फोटो खराब म्हणून बाजूला काढले. त्यात आईचा हात होता. एकात तांब्या आणि मनगट, एकात नुसती दोन बोटं मातीत, एकात काडी खोचताना, चौथ्यात हाताची धूसर हालचाल.

मग सवयीने हिशोब केला. फोन दर वीस मिनिटांनी एक क्षण बघत होता. १०२० क्षणांपैकी चार वेळा ती सापडली, म्हणजे तीस दिवसांच्या त्या ३३० तासांत ती साधारण ८० मिनिटं कुंडीपाशी असणार. चार नमुन्यांवरून काढलेला आकडा कच्चाच, ऑफिसमध्ये मी असा रिपोर्ट परत पाठवला असता. पण ८० मिनिटं. आणि पडद्यावर चार फ्रेम्स, म्हणजे पाव सेकंद. ती मी काढून टाकली होती.

बहिणीला फोल्डर पाठवताना मी ते चार फोटो वेगळे ठेवले आणि तसं तिला लिहिलं. तिने ते परत जागच्या जागी घातले. मला न विचारता.

शनिवारी ती घरी आली आणि टीव्हीला लॅपटॉप लावून तिने फिल्म दाखवली. बाबा, आई, मी. चौसष्ट सेकंद. माती फुगते, फुटते, हिरवं टोक बाहेर येतं, डोलत डोलत वर जातं, मध्येच काहीतरी लखकन चमकून जातं, पुन्हा डोलतं, पहिला तंतू हवेत चाचपडत काडी शोधतो. दोन वेळा बघितली. बाबांना हात दिसलाच नाही. बहिणीने थांबवून एकेक फ्रेम मागे घेतली आणि मनगटावर आणून ठेवली.

"आई, बघ."

आईने चष्मा वर सरकवला आणि टीव्हीच्या जवळ जाऊन बघितलं. बराच वेळ.

"पाणी जास्त झालंय बघ त्या दिवशी," ती म्हणाली. "खालचं पान पिवळं पडलं ते त्यानेच."